तिसऱ्या रांगेतली काठी

प्रिय इनास काका,

तुम्हाला जाऊन महिना झाला, उद्या चर्चमध्ये तुमच्या नावाची मिस्सा, प्रार्थना. मार्था काकूंनी ग्लेनबरोबर निरोप पाठवलाय, ‘सुहासला सांग, मागे दाराशी उभा राहू नकोस, पुढे घरच्यांबरोबर बस.’ मी येईन, पुढे बसेन. पण माझं लक्ष लागणार नाही, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. मिस्सा संपली की मुलं आपापल्या काठ्या घेऊन चिंचेखाली येणार आहेत, आणि उद्या त्या काठ्या मला लावायच्या आहेत.

गेलेल्या माणसाला पत्र लिहून उत्तर येत नाही, एवढं मला कळतं. पण विचारू कोणाला? हे काम तुमच्याशिवाय कोणी केलेलंच नाही. तुम्ही कोणाला शिकवलंही नाहीत. का नाही शिकवलंत, काका?

मला सगळं पहिल्यापासून मांडल्याशिवाय सुचत नाही. दुकानाची पाटी रंगवतानासुद्धा मी आधी खडूने रेघा मारतो, मग अक्षरं काढतो. तेव्हा तुम्हाला माहीत असलेलंही परत लिहितोय. कंटाळू नका.

आम्ही मुंबईची चाळ सोडून चंदनसारला ब्लॉक घेतला तेव्हा मी सातवीत होतो. नवीन शाळेत मन लागेना. रविवारी सायकल काढून रेल्वेचं फाटक ओलांडायचं आणि पश्चिमेच्या गावांतून भटकायचं, एवढाच उद्योग होता. एकदा केळीच्या वाड्यांच्या पलीकडून ठकठक आवाज आला. जाऊन बघतो तर भातकापणी झालेल्या शेतात मुलं हॉकी खेळत होती. गोलपोस्ट म्हणून बांबू पुरलेले. बांधावर लुंगी आणि गळ्यात शिट्टी अशा वेशात तुम्ही.

“काय बघतोस? डोळ्यानं खेळता येत नाय. ये खाली.”

मी सायकल टाकली आणि आलो. तुम्ही हातात एक स्टिक दिलीत, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. तुम्ही तिला काठी म्हणायचात, म्हणून आम्हीही काठीच म्हणत आलो. पाटील सरांसमोर परवा मी ‘काठ्या’ म्हणालो तर ते हसले. त्यांना वाटलं, मी लेझीम-लाठीचं काहीतरी बोलतोय. पाटील सरांकडे नंतर येतो.

तुमचा नियम पहिल्याच महिन्यात कळला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी आपल्या काठ्या चिंचेखाली एका ढिगात टाकायच्या आणि विहिरीवर पाणी प्यायला जायचं. मागे वळून बघायचं नाही. आम्ही परत येईपर्यंत ढिगाच्या तीन रांगा झालेल्या असायच्या. ज्या रांगेत आपली काठी, ती आपली टीम. पहिली रांग पक्क्या खेळाडूंची. दुसरी मधल्यांची. तिसरी, ज्यांना अजून खेळता येत नाही त्यांची. कोणाचं नाव घ्यायचं नाही, कोणाला काही बोलायचं नाही. आपण वाकायचं, काठी उचलायची आणि आपल्या रांगेच्या मागे जायचं.

मी एकदा विचारलं होतं, नावं का वाचून दाखवत नाही?

“तोंडानं सांगितलं की पोराला लागतं. काठी उचलताना त्याची मान खालीच असते. कोण बघणार त्याचं तोंड?”

रांगा तरी कशाला, असंही मंग्याने विचारलं होतं. मंग्या म्हणजे आमच्या बिल्डिंगमधला मंगेश, कायमचा तिसऱ्या रांगेतला आणि कायमचा बडबड्या. तुम्ही त्याला ग्लेनसमोर उभं केलंत आणि ग्लेनला म्हणालात, मार. ग्लेन तुमचा पुतण्या, पहिल्या रांगेतला पहिला. बॉल मंग्याच्या पायाला घासून बांधावर आदळला. मंग्या खाली बसला.

“कळलं?” तुम्ही म्हणालात. “असा दोनदा बसशील, तिसऱ्यांदा येणार नायस. सारख्याला सारखा भेटला तरच खेळ होतो. नायतर नुसता मार होतो.”

“कळलं काका. पण तोंडानं सांगितलं असतंत तरी कळलं असतं.”

तुम्ही किती हसलात त्या दिवशी. दाढेतली सोन्याची टोपी दिसली होती.

बाकी कोणी रांगा लावल्या असत्या तर भांडणं झाली असती. तुमच्या रांगांवर कोणी बोललं नाही. पोरांचे आईबाप बोलले नाहीत, पोरंही नाहीत. तुमच्या गावातले, माझ्यासारखे बाहेरून आलेले, मिस्सेला जाणारे, गणपती आणणारे, सगळे काठी उचलून मुकाट रांगेत जायचे. आम्हाला वाटायचं, तुम्हाला दिसतं. कोण कुठला ते तुम्हाला दिसतं, आम्हाला दिसत नाही.

माझी काठी तिसऱ्या रांगेत होती, काका. पहिल्या महिन्यात होती, ते बरोबरच. दुसऱ्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. माझ्यानंतर आलेली मुलं दुसरीत गेली, पहिलीत गेली. मी नववीत नापास झालो, शाळा सुटली, माणिकपूरला पेंटरच्या हाताखाली लागलो, तरी माझी काठी तिथेच. आई म्हणायची, “नोकरीच्या अर्जावर तुझी तिसरी रांग लिहून देणार आहेत का तुझे काका?” मी तिला उलट बोलायचो नाही. मला स्वतःलाच बोलायचो. रात्रंदिवस तेच. मनगट कुठे चुकतं, पाय कुठे चुकतो. पाटीवर ‘स्वीट मार्ट’ची वेलांटी काढतानाही मनगटच बघायचो.

एक रविवार मात्र वेगळा होता. मी विहिरीवरून आलो तर माझी काठी तिसऱ्या रांगेत नाही. शोधली, तर दुसरीत, अगदी मधोमध. माझ्या कानात गरम वारं शिरल्यासारखं झालं. मी दुसऱ्या रांगेत खेळलो, पहिल्या रांगेविरुद्ध. ग्लेनकडून एकदा बॉल काढून घेतला. एक पास असा गेला की तुम्ही शिट्टी तोंडात धरून तशीच ठेवलीत, वाजवली नाहीत. सगळं झाल्यावर ग्लेन आणि दोघं तिघं हसत हसत आले. “काय सुहास, कसं वाटलं दुसरीत? आम्हीच उचलून ठेवली रे तुझी काठी, मजा म्हणून.”

बांबू उपटायला मी तुमच्याबरोबर थांबलो. तुम्हाला सुरुवातीलाच कळलं होतं, हे मला कळत होतं. तुम्ही लावलेल्या रांगेतली काठी हललेली तुम्हाला दिसणार नाही, असं कसं होईल? तरी तुम्ही खेळू दिलंत.

“आज बरा खेळलास,” तुम्ही म्हणालात.

पुढच्या महिन्यात माझी काठी परत तिसरीत.

त्या दिवशी मी पहिल्यांदा आणि शेवटचं विचारलं. “काका, बरा खेळलो होतो ना? मग?”

तुम्ही बांबूची माती पुसत होतात. पुसून बांबू चिंचेला टेकवलात. मग म्हणालात, “तिसऱ्या रांगेला एक शहाणा लागतो.”

हे काय उत्तर झालं? मी ते किती वेळा उलटून पालटून बघितलं असेल. कधी वाटलं, तुम्ही माझी समजूत काढलीत. कधी वाटलं, चूक तुमच्या लक्षात आली होती, पण कबूल करायचं नव्हतं. तुम्ही असताना परत विचारायचं धाडस झालं नाही. आता धाडस आहे आणि तुम्ही नाही.

मग ती मुंबईची मॅच आली.

आपल्या मुलांना पहिल्यांदाच तिथल्या मोठ्या मैदानावर बोलावलं होतं. मी पहिल्या रांगेच्या बनियनवर आकडे रंगवले, ऑइल पेंटने, धुतले तरी जाऊ नयेत म्हणून. तुम्ही पँट घातलीत, चर्चच्या फेस्ताला, सणाला घालायचात ती. टेम्पो केला. राखीव म्हणून कोणीतरी हवं, आणि दुसऱ्या रांगेतल्या दोघांना ताप, म्हणून मंग्याला घेतलं. तो टेम्पोत सगळ्यांना सांगत होता, “तिसऱ्या रांगेची पण काही इज्जत असते. आज आमचा प्रतिनिधी जातोय.”

मैदानात पाय ठेवला आणि सगळे जागीच थांबले. हिरवा गालिचा अंथरल्यासारखं. गवत नाही, माती नाही, एक खडा नाही. ग्लेनने वाकून हात फिरवला. “काका, हे ओलं आहे. पाणी मारलंय.”

पुढे काय झालं ते तुम्ही बघितलंत, मीही बघितलं. पण तुम्हाला जे कळलं ते मला टेम्पोत कळलं, तुम्ही बोललात तेव्हा. आपल्या शेतात बॉल सरळ येतच नाही. भाताच्या धसकटावर आपटतो आणि उडतो. कधी नडगीपर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत. पहिल्या रांगेतली मुलं पहिल्या रांगेत होती ती एवढ्यासाठीच, की त्यांना उडणारा बॉल अडवता यायचा. काठी जमिनीपासून वर धरायची, बॉल उडायची वाट बघायची आणि हवेतच थोपवायचा. ग्लेनचा तर त्यात हात धरणारा कोणी नव्हता. त्या गालिच्यावर बॉल उडालाच नाही. सरपटत आला, आणि आपल्या सगळ्या पक्क्या मुलांच्या काठ्यांखालून निघून गेला. परत आला, परत गेला. आपली मुलं काठ्या वर धरून उभी, जसं काही कोणाला तरी सलाम करतायत. बघणारे हसायला लागले. ग्लेन रडत खेळत होता.

मग आपला एक मुलगा पाय मुरगळून बाहेर आला आणि मंग्या आत गेला. मंग्याला उडणारा बॉल कधीच कळला नव्हता. म्हणून तो काठी सरळ जमिनीवर आडवी टाकायचा आणि देवाचं नाव घ्यायचा. शेतात बॉल त्याच्या काठीवरून उडून जायचा आणि सगळे हसायचे. तिथे एकही बॉल त्याच्या काठीवरून गेला नाही. जो आला तो थांबला. मंग्यालाच कळेना काय होतंय ते. तो दर वेळी आधी काठीकडे आणि मग तुमच्याकडे बघायचा.

मॅच हरलो. किती गोलांनी, ते मी लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

परत टेम्पोत बसलो. तुम्ही मागच्या फळीला टेकून बसला होतात. घोडबंदरच्या उतारावर तुम्ही मला म्हणालात, हळू, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून,

“सुहास, इतकी वर्षं मी पोरं निवडली नाय रे. शेतानं निवडली. मी नुसत्या काठ्या उचलून ठेवल्या.”

“काका, एक मॅच आहे.”

“एक नाय. किती पोरं गेली तिसऱ्या रांगेतून घरी? कंटाळून गेली, खेळ सोडला. त्यातली कोण कुठं खेळली असती, सांग मला. तू सांग.”

तेव्हा मला हे सुचलंच नाही, की मी त्याच रांगेतला. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, बाहेर बघत होतात. मग अचानक बघितलंत आणि मान खाली घातलीत. काठी उचलताना आम्ही घालायचो तशी.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही ढिगात काठ्या टाकल्या, पाणी पिऊन आलो. ढीग तसाच होता. तुम्ही चिंचेच्या मुळावर बसला होतात. “आज नाय,” म्हणालात. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मुलं चुळबुळायला लागली. ग्लेन म्हणाला, “काका, रांगा लावा ना, कोण कुठे तेच कळत नाही.” तुम्ही म्हणालात, “मलाही नाय कळत.”

तोवर शेतही जायला लागलं होतं. शेत तुमच्या भावाच्या वाटणीचं, त्यांनी ते बिल्डरला दिलं, त्यात तुमचं काही चाललं नाही. डंपर येऊन एका कोपऱ्यात भराव टाकून जायचे. दर रविवारी बांबू थोडे आत पुरायचे. आमची मुलं त्यावरही विनोद करायची, की असंच चाललं तर गोलकीपरने गोलकीपरला मारायचं, मध्ये कोणी नकोच. तुम्ही हसायचा नाहीत.

आणि मग तुम्ही गेलात. केळीला पाणी लावताना, पाटाच्या कडेला. मार्था काकू हाका मारत होत्या, पाणी वाफा सोडून वाटेवर आलं म्हणून. काय कळवळून गेला असाल, का काहीच कळलं नसेल? डॉक्टर म्हणाले, झटक्यात. सगळे म्हणतात, सोन्यासारखं मरण. मला तसं वाटत नाही, काका. मला वाटतं, तुम्ही काम अर्धं टाकून गेलात. जुनी फूटपट्टी मोडलीत आणि नवी दिली नाहीत. रागावू नका. मी तुमच्यावर रागावलोय, आणि हे तुमच्याशिवाय कोणाला सांगताही येत नाही.

आता पाटील सर. तुम्ही गेल्यावर तुमच्या घरी भेटायला आले होते ते, माणिकपूरकडच्या शाळेतले खेळाचे शिक्षक. माणूस वाईट नाही. शाळेचं मैदान आहे, रोलर फिरवलेलं, सपाट. रविवारी सकाळी दोन तास देतो म्हणाले. स्पर्धांना पाठवायचीही सोय होईल. मुलांना शाळेच्या नावाने खेळता येईल. आपलं शेत तर आता दिसतसुद्धा नाही. चिंच आणि तिच्याखालची सावलीएवढी जागा उरलीय. मी हात जोडले त्यांच्यापुढे.

मग म्हणाले, “दोन टीम आणा. तिसरी नको.”

“सर, ती पण मुलं...”

“अरे, दोन तासांत मी किती जणांना बघणार? ज्यांना येतं त्यांना आणा. तूच निवड, तुला माहिती आहेत. आणि तू पण ये, मला मदतीला माणूस हवाच आहे. शाळेचा टी-शर्ट देऊ, शिट्टी देऊ.”

मी म्हटलं, आळीपाळीने आणू का? एका रविवारी हे, एका रविवारी ते. ते म्हणाले, नावं एकदा पाठवली की बदलता येत नाहीत. मी म्हटलं, मग तुम्हीच निवडा. ते म्हणाले, “मला तीस पोरांचा तमाशा नको शाळेच्या गेटवर. प्रिन्सिपल माझ्यावर येतील.”

आईला सांगितलं. आई खूश झाली. खूप वर्षांनी तिला तसं बघितलं. “नववीत सोडलीस ना शाळा,” म्हणाली, “आता सर म्हणून जाशील. देवानेच दार उघडलं.” पाट्यांचं काम बसत चाललंय, हे तिला माहीत आहे. सगळीकडे फ्लेक्स. कॉम्प्युटरवर अक्षरं काढतात, लावतात. आमच्या पेंटरशेठने ब्रश धुऊन ठेवलेत. तेव्हा तो टी-शर्ट आणि ती शिट्टी मला नको आहे, असं नाही. मला हवी आहे. फार हवी आहे. आरशासमोर उभं राहून मी त्या टी-शर्टाचा विचार केलाय.

मी प्रयत्न केला, काका. बसून राहिलो नाही. हा सबंध महिना मी मुलांना घेऊन हिंडलो, कारण मला एक चांगली फूटपट्टी हवी होती. आमच्या चंदनसारला नवीन कॉलनीचा रस्ता झालाय, अजून गाड्या नाहीत. तिथे डांबरावर खेळवलं. डांबरावर बॉल इतका पळतो की बारकी, चपळ मुलं वर आली. ग्लेन मागे पडला. मग वसईच्या किनाऱ्यावर नेलं, ओहोटीच्या ओल्या वाळूवर. तिथे बॉल रुततो. मनगटात ताकद असलेली मुलं वर आली, डांबरावरची बारकी मुलं तोंडावर पडली. मग एका बिल्डिंगच्या खडीच्या आवारात खेळवलं, तर तिथे ग्लेन परत राजा. वॉचमनने हाकललं तेव्हा कुठे तो थांबला. मंग्या कुठे वर, कुठे खाली. प्रत्येक जमीन वेगळी मुलं वर काढते. मी काठ्या लावल्या तरी त्या मी लावलेल्या नसणार. तुम्ही टेम्पोत म्हणालात तेच. आणि शाळेचं मैदान म्हणजे तरी आणखी एक जमीनच ना? उद्या ज्यांना मी घरी पाठवीन ते कुठल्या जमिनीवर वर आले असते, हे मला कधीच कळणार नाही. त्यांनाही कळणार नाही. ती आयुष्यभर म्हणतील, आम्हाला येत नव्हतं.

मी तसंच म्हणत आलोय, काका.

परवा मंग्या आला होता. जिन्यात बसलो. तो म्हणाला, “सुहास, टेन्शन नको घेऊस यार. माझी काठी तिसरीत ठेव. मला सवय आहे. नवीन पोरं रडतील.”

“तू मुंबईला सगळे बॉल अडवलेस.”

“ते काय, चुकून.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “पण मजा आली हां. लोक हसतायत, आणि पहिल्यांदा माझ्यावर हसत नाहीयेत.”

त्याने ते ज्या आवाजात सांगितलं त्यानंतर मी जेवलो नाही. आईला वाटलं पोट बिघडलं.

त्या बारक्यांपैकी एकाने, तुमच्या शेजारच्या जोसेफने, काल रस्त्यात सायकल अडवली. आठ-नऊ वर्षांचं पोर. “सर,” म्हणाला, “रविवारी काठ्या लावणार ना?” मला सर म्हणालं! मी म्हटलं, लावणार. त्याने विचारलं, “मग तुमची काठी कुठल्या रांगेत असेल?”

मी म्हटलं, मी आता खेळत नाही, लावणाऱ्याची काठी रांगेत नसते. तो म्हणाला, “इनास काकांची असायची.”

मी सायकलवरून उतरलो. असायची का, काका? मी आठवत बसलो. तुमची ती जुनी काळी काठी, मुठीला सुतळी गुंडाळलेली. रांगा लावून झाल्या की तुम्ही ती कुठे ठेवायचात? मी इतकी वर्षं मान खाली घालून काठी उचलली, फक्त माझीच बघितली. जोसेफला विचारलं, कुठल्या रांगेत असायची?

“आमच्याच. शेवटी.”

तुमची काठी तिसऱ्या रांगेच्या टोकाला असायची. आणि सुरुवातीची शिट्टी वाजवली की तुम्ही ती काठी उचलून पहिल्या रांगेकडे जायचात, म्हणून आम्हाला वाटायचं ती त्यांच्यातली. जोसेफ म्हणतो म्हणून मी मानतो. पोरांची नजर जमिनीजवळ असते.

याने माझा प्रश्न सुटला, असं समजू नका. काही सुटलं नाही. उद्या मला काठ्या लावाव्याच लागतील. न लावल्या तर मैदान जाईल आणि तिन्ही रांगा घरी बसतील. म्हणून मी लावणार. आज दुपारभर मी डोळ्यांसमोर रांगा लावल्या, मोडल्या, परत लावल्या. शेवटी एक मांडणी ठरवली आणि तिच्यावर माझा विश्वास नाही. मंग्याची काठी मी दुसरीत ठेवणार आहे, तो काहीही म्हणो. जोसेफची तिसरीत जाणार, कारण तो लहान आहे आणि मोठ्यांचा बॉल त्याच्या नडगीवर बसेल. त्याने मला तुमच्याबद्दल सांगितलं, आणि मी त्यालाच घरी पाठवतोय. असा मी.

उद्याच्या मिस्सेत फादर म्हणतील, इनास आता शांत आहे. मी ‘आमेन’ म्हणेन, मला येतं. पण मला ते खरं वाटणार नाही. तुम्ही तिथेही कोणाला तरी कुठल्या रांगेत ठेवायचं, या विचारात चिंचेच्या मुळावर बसला असाल, असं वाटतं. आणि ढीग तसाच.

तुम्ही ‘शहाणा’ म्हणालात ते खरं होतं की समजूत होती, हे मला आता विचारायचं नाही. समजूत असली तरी चालेल.

एक वचन देतो, मोठं नाही. उद्या मी मुलांना विहिरीवर पाठवीन. विहीर उरली आहे, पाणी खारट झालंय. ती परत येईपर्यंत मी तीन रांगा लावीन, कोणाचं नाव घेणार नाही. तिसऱ्या रांगेच्या टोकाला माझी काठी असेल. पाटील सरांना निरोप धाडलाय, दोन टीम येतील, मदतीला दुसरा माणूस बघा. आईला अजून सांगितलेलं नाही.

तिसऱ्या रांगेला घेऊन कुठे जायचं, ते मला माहीत नाही. डांबरी रस्त्यावर पुढच्या महिन्यात माणसं राहायला येतील, वाळूवर भरती असते. चार-सहा रविवारांत ती मुलंही पांगतील, असंच मला वाटतं. पण उद्या काठ्या उचलून ती घराकडे वळतील तेव्हा त्यांच्यात एक मोठा माणूस असेल, त्याच्याही हातात काठी असेल, आणि मी जोसेफला त्याच्या दारापर्यंत सोडीन.

तुमच्या तिसऱ्या रांगेतला,
सुहास